मोलॅसिसच्या टाकीसाठी संकरित यीस्ट : लागरचे उदाहरण कितपत लागू पडते?

आपण एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत फर्मेंटेशन विभाग सांभाळता. मार्च-एप्रिलमध्ये फर्मेंटरचे तापमान ३६ अंशांच्या वर जाते, वॉशमधील, म्हणजे मोलॅसिसच्या (मळीच्या) आंबलेल्या द्रवातील, अल्कोहोल घसरते आणि शिल्लक साखर वाढते, अशी आपली अडचण आहे. लागर बिअरचे यीस्ट हा दोन प्रजातींचा संकर असून त्यात दोन्ही पालकांचे गुण उतरले आहेत, असे आपल्या वाचनात आले. मग तशाच रीतीने उष्णता सोसणारे आणि १५ टक्के अल्कोहोल झेलणारे यीस्ट का तयार करता येऊ नये, आणि केलेच तर रीसायकल करताना, म्हणजे तेच यीस्ट पुन्हा पुन्हा टाकीत वापरताना, त्याचे गुण टिकतील का, असे आपण विचारले आहे.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. संकराने नवा गुण मिळतो का, हा पहिला. आणि मिळालेला गुण टाकीत टिकतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पालक कोण आहेत यावर अवलंबून आहे, तर दुसऱ्याचे उत्तर तो गुण टाकीत रोज कामाला येतो की नाही यावर. मी उमेदीची वर्षे ब्रुअरीत काढली आणि नंतरचा काळ आसवन्यांमध्ये, त्यामुळे दोन्हीकडचे यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सवय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : आपल्या उन्हाळ्यातील अडचणीवर दोन प्रजातींचा संकर हा उपाय नाही. मात्र असे का, हे समजून घेतल्याखेरीज योग्य उपायही सापडणार नाही, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

लागरच्या यीस्टला सॅकरोमायसिस पास्टोरियानस म्हणतात. त्याचा एक पालक म्हणजे आपल्या ओळखीचे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, जे पावात, वाइनमध्ये, एल प्रकारच्या बिअरमध्ये आणि आपल्या फर्मेंटरमध्ये असते. दुसरा पालक कोण, हे फार काळ कोडेच होते. २०११ मध्ये अर्जेंटिनाचे दिएगो लिबकिंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅटागोनियातील दक्षिणी बीच वृक्षांवरच्या गाठींतून एक थंडीप्रिय यीस्ट वेगळे केले, आणि त्याची जनुके लागरच्या सेरेव्हिसी नसलेल्या अर्ध्या भागाशी जुळली. त्याला सॅकरोमायसिस युबायानस हे नाव मिळाले. २०१४ मध्ये तिबेटमधून याच प्रजातीचे स्ट्रेन, म्हणजे वाण, मिळाले आणि ते लागरच्या त्या अर्ध्या भागाला पॅटागोनियातील स्ट्रेनपेक्षा जवळचे निघाले; २०२२ मध्ये ही प्रजाती आयर्लंडच्या मातीतही सापडली. म्हणजे दुसरा पालक दक्षिण अमेरिकेतून जहाजाने युरोपात आला असे मानण्याची आता गरज उरलेली नाही.

हे दोन पालक बव्हेरियात एकत्र नांदले, यामागे तिथली परिस्थिती होती. उन्हाळ्यात बिअर बिघडते म्हणून १५५३ मध्ये तिथल्या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यावर बंदी घातली. त्यामुळे सगळे उत्पादन हिवाळ्यात, थंड तळघरात होऊ लागले. अशा तळघरात एकटे सेरेव्हिसी मंदावते. युबायानस थंडीत तग धरते. पण रानातून आलेले असल्याने माल्टच्या काढ्यातील तीन ग्लुकोजची साखर, म्हणजे माल्टोट्रायोज, त्याला सहसा पचत नाही. दोघांच्या संकराला मात्र थंडीही सोसली आणि ती साखरही पचली. शिवाय ब्रुअर दर खेपेला टाकीच्या तळाशी बसलेलाच साका पुढच्या खेपेसाठी उचलत असे, त्यामुळे गुठळ्या होऊन तळाशी बसणाऱ्या पेशींची शतकानुशतके आपोआप निवड होत गेली. पुढे १८४५ मध्ये याकोब ख्रिश्चन याकोबसेन यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून हे यीस्ट कोपनहेगनला नेले आणि १८८३ मध्ये तिथल्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी त्यातील एका पेशीपासून शुद्ध संवर्धन केले. एकाच पेशीची संतती सर्व टाक्यांत घालण्याची आपली आजची पद्धत तिथून सुरू झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की या संकराची निवड संशोधकाने केलेली नाही. थंड तळघराने आणि तळाचा साका उचलण्याच्या सवयीने ती केली. संकराने फक्त कच्चा माल पुरवला. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेतील ब्रायन गिब्सन, क्रिस्टोफर क्रोगेरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा संकर प्रयोगशाळेत नव्याने घडवून दाखवला. त्यांनी एल बिअरचे सेरेव्हिसी आणि युबायानस यांचे असे उत्परिवर्ती घेतले की एकाला स्वतःचे लायसिन आणि दुसऱ्याला स्वतःचे युरॅसिल बनवता येत नव्हते. दोघांच्या पेशी एकत्र ठेवून मग ही दोन्ही द्रव्ये नसलेल्या माध्यमावर पसरल्या, तेव्हा वाढल्या त्या फक्त संकरित वसाहती. या पद्धतीत बाहेरचे जनुक घालावे लागत नाही. त्यांच्या संकरांनी १२ अंशांना दोन्ही पालकांपेक्षा जलद आंबवण केली आणि अधिक अल्कोहोल दिले. तेव्हा 'संकर पालकांहून सरस ठरू शकतो' हे आपले वाचन चुकीचे नाही. फक्त ते १२ अंशांना आणि माल्टच्या काढ्यात खरे ठरले, हे लक्षात असू द्यावे.

आता संकराच्या स्वभावाकडे वळू. दोन प्रजातींचा संकर मुकुलनाने, म्हणजे पेशीला फुटणाऱ्या अंकुरातून, उत्तम वाढतो, पण बीजाणू करू पाहतो तेव्हा अडतो. दोन्ही पालकांची गुणसूत्रे एकमेकांपासून इतकी भिन्न झालेली असतात की विभाजनाच्या वेळी त्यांच्या जोड्या नीट जमत नाहीत. त्यामुळे शंभर बीजाणूंपैकी एखादासुद्धा मुश्किलीने जगतो. आपल्या कारखान्यात येणाऱ्या उसाचीही हीच कथा आहे. १९१८ साली कोइमतूरहून आलेला को २०५ हा लागवडीचा ऊस आणि रानटी कास यांच्या संकरातून झाला, आणि आज आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या को ८६०३२ च्या अंगातही दोन्ही प्रजातींची गुणसूत्रे आहेत. आपण बेणे लावतो म्हणून वाण टिकतो; बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळे निघेल. यीस्टच्या बाबतीत मुकुलन हेच बेणे होय.

मात्र उसाचे बेणे लावताना एका हंगामात पेशींच्या पिढ्या तुलनेने थोड्याच होतात. यीस्टचे तसे नाही. स्लँटवरून (परीक्षानळीतील तिरक्या माध्यमावरच्या साठ्यातून) उचललेल्या एक मिलिग्रॅम यीस्टचे एक टन यीस्ट व्हायला साधारण तीस वेळा दुप्पट व्हावे लागते, आणि प्रत्येक दुप्पट होण्यात चूक होण्याची संधी असते. संकराच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या असल्याने एक गेली तरी पेशी मरत नाही. म्हणूनच संकर गुणसूत्रांची पडझड सहज पचवतो. एखादा गुणसूत्राचा तुकडा गळतो, एखादा दुप्पट होतो, कधी एका पालकाच्या तुकड्यावर दुसऱ्याची नक्कल चढते. यातली जी पेशी त्या टाकीत किंचितही जलद वाढते, ती काही आठवड्यांत टाकी व्यापते.

याचे सर्वांत जुने उदाहरण लागरमध्येच आहे. लागरच्या यीस्टचे साझ आणि फ्रोबर्ग असे दोन मोठे गट आहेत. साझ गटाने सेरेव्हिसीचा बराच वाटा गमावला आहे. तो कडक थंडीत चांगला चालतो, पण माल्टोट्रायोजच्या बाबतीत बहुधा लंगडा पडतो. फ्रोबर्ग गटाने, ज्यात वायहेनश्टेफानचा प्रसिद्ध ३४/७० स्ट्रेन येतो, दोन्ही पालकांचा साठा बऱ्यापैकी राखला आहे. हे दोन गट एकाच संकरातून फुटले की दोन वेगळ्या संकरांतून आले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पालक तेच असूनही संतती किती दूर जाऊ शकते, हे त्यावरून कळते.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट आणखी स्वच्छ दिसली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मैत्रेया डनहॅम यांच्या गटाने सेरेव्हिसी आणि तिची थंडीप्रिय बहीण युव्हारम यांचे संकर सततच्या संवर्धनात शेकडो पिढ्या वाढवले. नत्राची टंचाई ठेवली, तेव्हा अमोनियम आत घेणाऱ्या वाहकाच्या जनुकात दोन्ही पालकांचे तुकडे जोडले गेले, आणि हे निरनिराळ्या भांड्यांत स्वतंत्रपणे घडले. फॉस्फेटची टंचाई ठेवली, तेव्हा ३० अंशांना फॉस्फेट-वाहकाची युव्हारमकडून आलेली आवृत्ती पुन्हा पुन्हा गळाली आणि सेरेव्हिसीची उरली. पुढे तोच प्रयोग १५ अंशांना केला, तेव्हा उलटे झाले आणि युव्हारमची आवृत्ती राखली गेली. मला हा निष्कर्ष आसवनीच्या माणसासाठी फार मोलाचा वाटतो. संकर तोच, टंचाई तीच, केवळ तापमान बदलले आणि कोणत्या पालकाचा वाटा शिल्लक राहील ते ठरले. आपण ३४ ते ३६ अंशांच्या टाकीत थंडीप्रिय प्रजातीचा संकर सोडलात, तर तिचा वाटा आज ना उद्या गळणार आणि शेवटी हातात सेरेव्हिसीच उरणार, अशीच माझी अपेक्षा राहील.

उष्णतेच्या मुद्द्यावर खरी मेख इथेच आहे. सॅकरोमायसिस वंशात आठएक प्रजाती मानल्या जातात : सेरेव्हिसी, पॅराडॉक्सस, मिकाती, कुद्रियावझेव्ही, युव्हारम, युबायानस आणि आणखी काही. या सर्वांत उष्णता सर्वाधिक सोसणारी प्रजाती सेरेव्हिसीच आहे. तिच्या बहुतेक बहिणी तिच्याहून थंडीप्रिय आहेत. तेव्हा वंशातल्या वंशात संकर करून उष्णता सोसण्याचा गुण आणायचा म्हटले, तर तो ज्याच्याकडून आणावा असा पालकच उपलब्ध नाही. ब्रुअरीत एल आणि लागर यीस्ट ओळखण्याची जुनी, सोपी चाचणी हेच सांगते. दोन्हींच्या रेघा एका पेट्री डिशवर ओढून ती ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवावी. दोन-तीन दिवसांनी एलची रेघ जाड, मलईच्या रंगाची दिसते. लागरच्या जागी डोळे ताणूनही वाढ दिसत नाही. ज्याच्याकडून आपण उष्णता सोसण्याची आशा करीत आहात, तो संकर आपल्या एप्रिलच्या फर्मेंटरच्या पलीकडे केवळ एका अंशावर हात टेकतो.

यात पेशीतील मायटोकाँड्रियाचाही वाटा आहे. लागरमधील मायटोकाँड्रियाचे जनुकद्रव्य युबायानसकडून आलेले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे दाखवण्यात आले की त्याच दोन पालकांच्या संकरात मायटोकाँड्रिया सेरेव्हिसीचा ठेवला तर तो उष्णतेत अधिक चांगला वाढतो आणि युबायानसचा ठेवला तर थंडीत. म्हणजे संकर करतानाच ही निवड थोडी हाताळता येते. तरीही त्यातून मिळणारा लाभ चांगल्या सेरेव्हिसी स्ट्रेनच्या पुढे जात नाही.

१५ टक्के अल्कोहोलविषयी. हा आकडा यीस्टला अशक्य नाही. मक्यापासून इथेनॉल बनवणारे कारखाने तो गाठतात आणि तेही साध्या सेरेव्हिसीवर. मोलॅसिसमध्ये अडसर वेगळा आहे, आणि तो कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. १५ टक्के अल्कोहोल म्हणजे लिटरमागे सुमारे ११८ ग्रॅम. एक ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धांतिक कमाल ०.५११ ग्रॅम अल्कोहोल मिळते. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर लिटरमागे साधारण २५७ ग्रॅम आंबणारी साखर लागेल. सी-हेवी मोलॅसिसमध्ये, म्हणजे साखर जवळजवळ काढून घेतल्यावर उरलेल्या मळीत, ती ४३ टक्के धरली, तर लिटरमागे जवळपास ६०० ग्रॅम मोलॅसिस घालावे लागते. त्यातील राख १० टक्के म्हटली तरी वॉशमध्ये लिटरमागे ६० ग्रॅम क्षार आले, आणि समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असतात. फेड-बॅचने साखर हळूहळू देता येते, पण क्षार मात्र साठतच जातात, कारण यीस्ट ते खात नाही. बी-हेवीवर, म्हणजे एक टप्पा आधीच्या, अधिक साखरेच्या मळीवर, हा हिशेब बराच सुधारतो आणि उसाच्या रसावर किंवा सिरपवर तर जवळजवळ मिटतो. त्यामुळे आपण कशावर चालवता, हे न सांगता १५ टक्क्यांची अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही.

उष्णता आणि अल्कोहोल ही दोन संकटे वेगवेगळी येत नाहीत, हेही इथे सांगितले पाहिजे. अल्कोहोल पेशीचे आवरण सैल करते, त्यातून बाहेरचे आम्ल आत झिरपते आणि ते बाहेर फेकण्यासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्चावी लागते. तापमान वाढले की हीच गळती वाढते. जो स्ट्रेन ३२ अंशांना ११ टक्के निवांत देतो, तोच ३६ अंशांना ९ टक्क्यांवर दम टाकतो, यात स्ट्रेन बिघडला असे काही नसते. मिथिलीन ब्ल्यू हा मेलेल्या पेशींना निळे करणारा रंग लावून पाहिल्यास हा फरक स्पष्ट दिसतो : सकाळी फिकट, रंगहीन दिसणाऱ्या पेशींत दुपारनंतर निळ्या पेशींचे प्रमाण वाढू लागते, आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक काड्यांसारखे लॅक्टोबॅसिलस जीवाणू दिसू लागतात. मेलेल्या यीस्टमधून बाहेर पडलेले पोषण त्यांना आयतेच मिळते.

काहीजण म्हणतील की उष्णता सोसणारे क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस आहेच की. ते ४५ अंशांनाही वाढते. खरे आहे. पण ते वेगळ्या वंशातले असल्याने सेरेव्हिसीशी त्याचा नैसर्गिक संकर होत नाही, आणि त्याची अल्कोहोल सोसण्याची ताकद कमी आहे. दोघांच्या पेशीभित्ती विकराने काढून पेशी एकत्र जुळवण्याचे प्रयोग गेल्या काही दशकांत पुष्कळ झाले, आपल्याकडेही झाले. अशा जुळवणीत बहुधा एका पालकाचे केंद्रक वरचढ ठरते आणि दुसऱ्याचे अवशेष पिढ्यांबरोबर झडतात. फ्लास्कमध्ये ४२ अंशांना चाललेला असा स्ट्रेन कुणी आपल्याला देऊ केला, तर शंभरएक पिढ्यांनंतर त्याची वाढ पुन्हा तपासली आहे का, एवढे अवश्य विचारावे.

मग उष्णतेसाठी काय करावे? प्रजाती ओलांडण्याऐवजी प्रजातीच्या आत शोधावे. सेरेव्हिसीच्या दोन स्ट्रेनचा आपसांतला संकर सुपीक असतो, बीजाणू जगतात, त्यामुळे पुढच्या पिढ्यांत निवड करता येते. दुसरा मार्ग म्हणजे सक्तीने सवय लावणे. २०१४ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील येन्स नीलसन यांच्या गटाने सेरेव्हिसी सुमारे ४० अंशांना अनेक पिढ्या वाढवून उष्णता सोसणारे स्ट्रेन मिळवले. त्या स्ट्रेनमध्ये आवरणातील स्टेरॉल बदलले होते. एर्गोस्टेरॉल बनवण्याच्या साखळीतले एक जनुक निकामी झाले होते आणि त्यामुळे वेगळ्या घडणीचे स्टेरॉल साठले होते. याची किंमतही त्यांनीच पुढे नोंदवली आहे : हे स्ट्रेन नेहमीच्या तापमानाला मूळ स्ट्रेनपेक्षा हळू वाढतात. म्हणून असा स्ट्रेन वर्षभर वापरण्यापेक्षा उन्हाळ्याच्या महिन्यांसाठी वेगळा ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरावे.

रीसायकलच्या प्रश्नावर ब्राझीलचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तिथे बहुतेक कारखाने यीस्ट सेंट्रिफ्यूजने वेगळे करतात, सल्फ्युरिक आम्लाने सामू २ ते २.५ पर्यंत खाली आणून धुतात आणि पुन्हा टाकीत घालतात, आणि हे चक्र सातआठ महिन्यांचा हंगामभर चालते. सुरुवातीला घातलेले बेकरीचे किंवा प्रयोगशाळेतले स्ट्रेन गुणसूत्रांच्या ठशांवरून तपासले, तेव्हा ते काही आठवड्यांतच नाहीसे होऊन त्यांची जागा उसाबरोबर आलेल्या रानटी स्ट्रेननी घेतल्याचे आढळले. त्या रानटी स्ट्रेनपैकी जे हंगामअखेरही टाकीत टिकून होते आणि फेस न करता भरपूर अल्कोहोल देत होते, ते निवडून पुढे वापरले गेले. आज प्रसिद्ध असलेले पीई-२ आणि कॅट-१ हे स्ट्रेन असेच कारखान्यांच्या टाक्यांतून मिळाले. त्यांच्या नावांतच पेद्रा आणि कातांदुव्हा या कारखान्यांची आद्याक्षरे आहेत. हे दोन प्रजातींचे संकर नाहीत, निखळ सेरेव्हिसी आहेत. मात्र त्यांच्या गुणसूत्रांच्या जोड्यांत पुष्कळ फरक आहेत आणि जीवनसत्त्वे बनवणाऱ्या काही जनुकांच्या जादा प्रती आहेत, ज्यांचा साखरेने गच्च भरलेल्या टाकीत वाढताना उपयोग होतो.

आपल्या टाकीतही हंगामभर हीच निवड चालू असते, फक्त आपण तिची नोंद घेत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की मार्चअखेरीस, तापमान सर्वाधिक असताना चालू असलेल्या फर्मेंटरमधून नमुना घ्यावा, पातळ करून पसरावा आणि निरनिराळ्या दिसणाऱ्या वसाहतींतून काही डझन स्ट्रेन वेगळे करावेत. त्यांची परीक्षा आपल्याच मोलॅसिसवर, ३६ आणि ३८ अंशांना, लहान फ्लास्कमध्ये करावी. महागड्या उपकरणाची गरज नाही. फ्लास्कला वायू बाहेर पडेल असे बूच लावून रोज वजन करावे. बाहेर गेलेल्या प्रत्येक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे साधारण १.०४ ग्रॅम अल्कोहोल तयार झालेले असते. यातून निवडलेल्या तीन-चार स्ट्रेनचे ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठे करावेत. ती सोय नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहाशी किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटशी बोलावे. निवडलेला स्ट्रेन पुढच्या हंगामात टाकीत टिकतो की नाही, हे पीसीआर या जनुकद्रव्याच्या चाचणीच्या ठशावरून महिन्यातून एकदा पडताळून पाहावे. आपण घातलेला स्ट्रेन टाकीत उरलेलाच नसेल, तर त्याच्या गुणदोषांची चर्चा निरर्थक ठरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, जरी ती यीस्टची नसली तरी. उन्हाळ्यात फर्मेंटर ३६ च्या वर जातो, तेव्हा सगळे हवेला दोष देतात. पण मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे एप्रिलची हवा कोरडी असते आणि कूलिंग टॉवर हवेच्या तापमानाशी नव्हे, तर वेट बल्ब तापमानाशी (पाण्याच्या बाष्पीभवनाने गाठता येणाऱ्या किमान तापमानाशी) स्पर्धा करतो. बाहेर ४१ अंश असतानाही वेट बल्ब बराच खाली असतो. टॉवर नीट चालत असेल तर पुरेसे थंड पाणी मिळू शकते. अडचण बहुधा अशी होते की पाणीटंचाईमुळे टॉवरचे ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेले पाणी काढून टाकणे, आखडते घेतले जाते, फिरणाऱ्या पाण्यातील क्षार वाढतात आणि प्लेट हीट एक्स्चेंजरवर थर चढतो. पाणी पुरेसे थंड असूनही उष्णता बाहेर जात नाही. एक्स्चेंजरच्या दोन्ही बाजूंचे आत-बाहेरचे तापमान आठवडाभर लिहून काढा. वॉश आणि थंड पाणी यांच्यातले अंतर दिवसागणिक वाढत असेल, तर नवे यीस्ट मागवण्याआधी प्लेटी उघडून साफ कराव्यात. उष्णता सोसणारा स्ट्रेन जे दोन अंश मिळवून देतो, ते पुष्कळदा इथेच मिळतात.

मग प्रजाती ओलांडून केलेल्या संकरांचा इंधनाच्या कामी उपयोगच नाही का? आहे, पण तो दुसऱ्या ठिकाणी. भाताचा पेंढा किंवा मक्याचे ताटे यांच्यापासून इथेनॉल करताना काढ्यात ॲसिटिक आम्ल, फरफ्युरल यांसारखी विषारी द्रव्ये येतात आणि झायलोज ही पाच कर्बांची साखर येते, जी सेरेव्हिसीला मुळात आंबवता येत नाही. तिथे निरनिराळ्या प्रजातींचा ताण सोसण्याचा स्वभाव एकत्र आणण्याला अर्थ आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ख्रिस टॉड हिटिंगर यांच्या गटाने २०२० मध्ये टप्प्याटप्प्याने सहा प्रजातींची जनुके एकाच यीस्टमध्ये आणून दाखवली आणि मग झायलोजवर ८० पिढ्या वाढवून त्यांतून अधिक चांगले स्ट्रेन निवडले. त्या प्रत्येक टप्प्यावर गुणसूत्रे गळत गेली. मी त्या कामाकडे तयार उत्पादन म्हणून पाहत नाही. फार मोठ्या विविधतेतून निवड करण्याचे ते साधन आहे. पानिपतला २०२२ पासून असलेल्या पेंढ्यावरच्या प्रकल्पासारख्या ठिकाणी पुढेमागे असे स्ट्रेन कामाला येऊ शकतील. मोलॅसिसमध्ये ना झायलोजचा प्रश्न आहे, ना माल्टोट्रायोजचा. म्हणून लागरची किंवा त्या सहा प्रजातींची बलस्थाने आपल्या टाकीत निरुपयोगी ठरतात.

बिअर आणि वाइनमध्ये मात्र हे दालन खुले आहे. बेल्जियमच्या काही मठांच्या बिअरमधील यीस्ट सेरेव्हिसी आणि कुद्रियावझेव्ही यांचे संकर असल्याचे उघड झाले आहे, आणि थंड आंबवणीच्या पांढऱ्या वाइनसाठीही असे संकर वापरतात. तिथेही नवा संकर थेट विक्रीला येत नाही. युबायानसकडून लवंगेसारखा वास आणणारी जनुके येतात आणि ती आधी काढून टाकावी लागतात. एका हौशी ब्रुअरने मला विचारले होते की आपल्याकडच्या उष्ण हवेत लागर कशी करावी. ३४/७० सारखा स्ट्रेन आणि एक चांगला फ्रीज, एवढेच उत्तर मी दिले होते.

बाजारात 'हायब्रिड' असा शिक्का असलेली आसवनीची यीस्ट पाकिटे आपल्याला दिसली असतील. त्यातील बहुतेक ठिकाणी सेरेव्हिसीच्याच दोन स्ट्रेनचा आपसांतला संकर अभिप्रेत असतो, आणि त्यात गैर काही नाही. विकणाऱ्याला दोन्ही पालक कोणत्या प्रजातीचे आहेत ते विचारावे, पन्नास-साठ पिढ्यांनंतरच्या आंबवणीची आकडेवारी मागावी, आणि चाचणी त्यांच्या ग्लुकोजच्या माध्यमावर नव्हे, तर आपल्या टाकीतल्या, याच हंगामातल्या मोलॅसिसवर लावावी. चाचणीसाठी फर्मेंटर एप्रिलमध्येच निवडावा. डिसेंबरमध्ये सगळीच पाकिटे चांगली चालतात. आपली पद्धत फेड-बॅच आहे की सतत चालणारी, सामू किती ठेवता आणि गेल्या उन्हाळ्यातील वॉशमधील आम्लता किती होती, हे आकडे कळवल्यास चाचणीचा आराखडा अधिक नेमका सांगता येईल.